भिंगाखालचे दाणे: सोहोची नमुना नाणी

जळगावच्या सराफ बाजारात इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा तांब्याचा पेनी ‘नमुना नाणं’ म्हणून कुणी पुढे केला, तर भाव नंतर विचारा, आधी दहापट भिंग काढा. नमुना म्हणजे मंजुरीसाठी पाडून दाखवलेलं, चलनात न आलेलं नाणं. नेपोलियनच्या काळात बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीत वाफेच्या यंत्रावर अशी बरीच पाडली गेली. ठसे बहुतेक क्यूश्लर या कोरीवकाराचे.

खरी गोची १८५० नंतरची. टाकसाळीचा लिलाव झाला, जुने ठसे डब्ल्यू. जे. टेलर या लंडनच्या ठसेकाराने घेतले आणि त्यांवरून पुन्हा नाणी पाडली. ठसा अस्सल, तांबं अस्सल, नाणं मात्र निम्म्या शतकाने धाकटं! पण ठसे तोवर गंजले होते. ठशात गंजाचा खड्डा, म्हणजे नाण्यावर उंचवटा. उजेड आडवा धरा. राजाच्या गालावर, गळ्याशी, मागच्या बाजूच्या ब्रिटानिया देवीच्या ढालीलगत खसखशीहून बारीक दाणे वर आलेले दिसले, तर संशय टेलरवर. खड्डे दिसले तर ती नाण्यावरच्या जंगालाची, म्हणजे तांब्याच्या गंजाची खोड, ठशाची नव्हे. दाणे नाहीत म्हणून हुरळू नका. टेलरने काही ठसे घासूनही घेतले. मग केसांच्या, वस्त्राच्या बारीक रेघा पुसट होतात. टेलरचं नाणं खोटं नाही, फक्त सोहोच्या भावात घेऊ नये.

वजनावर भिस्त नको. चलनातला १८०६ चा पेनी सुमारे १८.९ ग्रॅम, ३४ मिलिमीटर. नमुन्यांच्या चकत्या जाड-पातळ असतात. धातू तपासायला काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन दाखवतो: १८.९ ग्रॅमच्या तांब्याला २.१ ग्रॅमच्या आसपास, २.६ दाखवलं तर जस्ताचं ओतीव समजा. पाणी डिस्टिल्डच घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. नंतर टिपून घ्या, पुसू नका.

चिंच, लिंबू, राख देवाच्या तांब्यासाठी ठेवा. सोहोच्या नमुन्यांवर मुद्दाम चढवलेली तपकिरी झाक किंवा सोन्याचा मुलामा असतो, तो एका घासणीत जातो. तेलकट मळ ॲसिटोनने निघतो, तेही उघड्या खिडकीशी, गॅसपासून लांब.

आणि पीव्हीसीची पाकिटं नकोत. मे महिन्यातल्या ४४ अंशांत ती चिकट होतात, आम्ल सोडतात, तांबं हिरवं पडतं. पॉलिएस्टरची घ्या, कपाट आतल्या भिंतीला ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर नको.