टाटामोबाईल २०६: सकाळी स्टार्ट न होण्याचं कारण अखेर सापडलं

तीन रविवार गेले पण सकाळी गाडी स्टार्ट का होत नाही ते पकडलं एकदाचं. गाडी माझी जुनी पिकअप, टाटामोबाईल २०६, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, ऐरोलीत बिल्डिंगखाली उभी असते. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, आणि एकदा चालू झाली की मग दिवसभर ठाणे-बेलापूर रोडवर कितीही थांबवा, अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट.

सगळे म्हणाले हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे) गेले, मलाही तेच वाटलेलं. चौघांना जोडणारी पट्टी काढली आणि एकेक मोजला, पट्टी न काढता मोजलात तर मेलेला प्लग कळतच नाही. चारही एक ओहमच्या आसपास, टेस्ट लॅम्पवर पट्टीला लाईनपण येत होती. म्हणजे प्लग चांगले.

मग आमच्या मजल्यावरचे काका सायलेन्सरच्या मागे उभे होते ते म्हणाले, "अरे, धूर कुठाय?" खरं उत्तर तिथेच होतं. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, तेव्हा प्लग आणि कॉम्प्रेशन बघा. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही, प्लगवर पैसे घालू नका. इंजेक्शन पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (चावी बंद केली की डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) चावी फिरवल्यावर टक् आवाज येत होता, म्हणजे तोही ठीक.

मग टाकीपासून डिझेलचा पाईप हातात धरून पुढे पुढे आलो. जुन्या गाडीत कुठला पार्ट कुठे हे फोटोवरून शोधू नका, आधीच्या मालकाने काय कुठे हलवलंय देव जाणे, पाईप मात्र खोटं बोलत नाही. हातपंपाच्या (डिझेल हाताने पुढे ढकलायचा इंजिनजवळचा छोटा पंप) पुढे वीतभर पारदर्शक नळी टाकली, हातपंप मारला तर साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागे एक. नळी हातपंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली तर डिझेल एकदम साफ. मग मध्ये उरले हातपंप आणि त्याला पाईप जोडणारा बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट. आधी बोल्ट खोलला तर त्याचा तांब्याचा वायसर चपटा झालेला, कडेला केसाएवढी चीर.

बाहेर एक थेंब गळत नव्हता म्हणून इतके दिवस कळलं नाही, पण हा भाग ओढीचा आहे, म्हणजे पंप इथून डिझेल ओढतो, इथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि टाकी इंजिनपेक्षा खालच्या पातळीला असल्यामुळे रात्रीत डिझेल मागे उतरतं. काही जण जुना वायसर गॅसवर लाल करून परत बसवतात, होतं तसं, पण चीर असेल तर फेकाच. कळंबोलीहून दोन नवे आणले, बसवले, पाईपमधली हवा काढली.

आज पाचवी सकाळ, पहिल्या सेल्फला. पारदर्शक नळी काढून डिझेलचा रबरी पाईप परत लावलाय, ती नळी डिझेलमध्ये कडक होते, टेस्टपुरतीच वापरा.