शाळेला सुट्टी, भाजीला नाही

श्रावणात महिनाभर गुहागरला माहेरी आले आहे. काल मुलीला घेऊन वाडीतल्या मराठी शाळेत गेले. शाळेच्या मागे गुरुजींनी आणि पोरांनी परसबाग केली आहे. मांडवाला पडवळं लोंबत होती. चौथीतला एक मुलगा वाकडं होऊ लागलेल्या पडवळाच्या टोकाला सुतळीने खडा बांधत होता, सरळ वाढावं म्हणून. माझी मुलगी बघतच राहिली.

बॉस्टनजवळच्या तिच्या शाळेतही बाग आहे. तिथे लाकडी चौकटींत बाहेरून आणलेली माती भरून भाजी लावतात. जुन्या घरांच्या रंगात शिसं असायचं. 1978 साली त्यावर बंदी आली, तरी मातीत उतरलेलं शिसं कुठे जाणार? एका चौकटीत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. ही तिथल्या मूळ रहिवाशांची पद्धत. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची पानं खाली ओल धरून ठेवतात. किती शहाणपण आहे त्यात!

पण तिथे शाळेचं आणि भाजीचं वेळापत्रक जुळत नाही. थंडीमुळे टोमॅटोची रोपं मेच्या मध्यानंतरच लावता येतात. जूनअखेर शाळा बंद होते ती थेट सप्टेंबरात उघडते, आणि टोमॅटो लाल होतात ऑगस्टमध्ये. एका वर्षी सुट्टीत पाणी कोणी घालायचं हे ठरलंच नाही. शाळा उघडली तेव्हा वाळक्या काड्या उरल्या होत्या. मुलगी घरी येऊन रडली. तेव्हापासून एकेक घर एकेक आठवडा सांभाळतं. पाणी घालायचं, तण काढायचं, लागेल तेवढी भाजी घरी न्यायची, बाकीची गरजूंसाठी द्यायची.

आपल्याकडे जूनमध्ये शाळा आणि पाऊस जोडीनेच येतात. ज्या पोराने बी टोचलं, त्याच्याच ताटात खिचडीसोबत ती भाजी पडते. तिथल्या पालकांना याचा हेवा वाटेल.

"गणपतीच्या सुट्टीत मात्र भेंडी जून होऊन जाते हो ताई," गुरुजी म्हणाले, "आणि वानर येतात ते वेगळेच." मी त्यांना आमच्या पाळ्यांचं सांगितलं. त्यांनी लगेच फळ्यावर पाच घरांची नावं लिहिली. पहिलं आमचं.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "मग ऋषिपंचमीला माठ आणि पडवळ शाळेतलंच आण. पोरांनी कुदळीने खणलंय, बैल लागलेला नाही."