मुगाचा बेडूक

"मॅडम, ह्याचं नाही होणार. पुढचा पाठवा."

आधारवाला लॅपटॉपवरून नजर न काढताच बोलला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. सकाळपासून आमच्या विशेष मुलांच्या शाळेतली अकरा मुलं त्याच्यापुढून गेली होती. एकाने ठशांच्या काचेवर लाळ गाळली होती, एकीने माऊस उपटून थेट स्वयंपाकघरात नेला होता. पण दादूची ही तिसरी खेप होती. आधी दोनदा आजी त्याला एसटीने तालुक्याच्या केंद्रावर घेऊन गेली होती आणि रांगेतल्यांची बोलणी खाऊन परत आली होती. म्हणून तर मागे लागून लागून आम्ही हे शिबिर शाळेतच भरवलं.

पाच वर्षांखालच्या पोरांचं बाल आधार निळं असतं, आईबापाच्या नंबरावर निघतं, त्यात ठसे नसतात. पाच पूर्ण झाली की दहाही बोटं आणि दोन्ही डोळे द्यावे लागतात. दादू साडेसहाचा. त्याला ऑटिझम आहे. बोलणं जवळजवळ नाही, आणि हात सतत फडफडत असतात. त्या हाताची चार बोटं एकत्र काचेवर टेकवून ठेवायची, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे.

मी काय केलं? त्याचं मनगट धरलं. सोळा वर्षं या कामात आहे. प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगते की मुलाला धरू नका, धरलं की ते अजून बिथरतं. तरीही धरलं. मागे रांग, पुढे मशीन, शिवाय त्याची आजी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. दादू माझ्या दंडाला कडकडून चावला. डिसेंबर होता, अंगात स्वेटर होता म्हणून निभावलं. "पुढचा पाठवा" आलं ते त्यानंतर.

आता बेडकाबद्दल सांगायला हवं.

रोज अकराच्या सुमारास आमच्या लहान गटाचा वीस मिनिटांचा योगाचा तास असतो. कागदावर त्याचं नाव 'सजग योग', मुलांच्या लेखी बेडकाचा तास. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आमच्या एका सतरंजीवर त्यातले चार बसतात, कधी कधी एकाच मुलात दोन. त्यामुळे सगळ्यांना एकच आसन ही गोष्ट नाहीच. डाऊन सिंड्रोमची एक गोड मुलगी पाय पसरून वाकते ती थेट कपाळ गुडघ्याला टेकवते. पाहुणे टाळ्या वाजवतात आणि मी धसकते. तिचे सांधे मुळातच सैल आहेत. तिला वाकायला शिकवायचंच नाहीये, ताठ उभं राहायला शिकवायचंय. मानेचे वरचे मणके सैल असण्याचा धोका या मुलांत असतो, म्हणून कोलांटी, सर्वांगासन, मत्स्यासन बंद. एकाला फिट्स येतात. त्याचे वडील दर महिन्याला विचारतात, "टीव्हीवरचं कपालभाती का घेत नाही?" जोरजोरात, भराभर श्वास घेतल्याने फिट येऊ शकते, हे मी त्यांना दर महिन्याला तितक्याच शांतपणे सांगते. व्हीलचेअरवरचा एक जण ताडासन फक्त हातांनी करतो, आणि वर्गात सर्वात चांगलं तोच करतो.

मग उरतो श्वास. "श्वास घ्या, श्वास सोडा" हे सहा वर्षांच्या कुठल्याही पोराला कळत नाही, आमच्यांना तर मुळीच नाही. श्वास दिसत कुठे असतो! म्हणून बेडूक. जुन्या सुती साडीची पिशवी, आत पाव किलो मूग. पावसाळ्यात कीड लागते म्हणून आमच्या मावशी मूग भाजून भरतात. डोळे आधी बटणांचे होते. एकाने बटण तोडून तोंडात घातलं, तेव्हापासून दोऱ्याने भरलेले. मूल उताणं झोपतं, पोटावर बेडूक. बेडूक वर, बेडूक खाली. एवढंच. शेवटी भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून "म्म्म्". बोटं कानावर ठेवायला आम्ही सांगत नाही. काहींना चेहऱ्याला स्पर्श सोसत नाही, आणि काहींनी कान आधीच झाकलेले असतात.

भिंतीवर चित्रांची पट्टी आहे: उभं, मांजर, झाड, बेडूक, म्म्म्. क्रम रोज तोच. नवीन बाईंना त्याचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

जून ते सप्टेंबर दादूने यातलं काहीही केलं नाही. तो कपाटाच्या खाली झोपायचा. मी त्याचा बेडूक कपाटापाशी ठेवून द्यायचे आणि तास घ्यायचे. गणपतीच्या सुट्टीनंतर कधीतरी बेडूक आत ओढलेला दिसला. ऑक्टोबरात कपाटाखालून "म्म्म्" आलं. त्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण लगेच कुणीतरी विचारतं, "मग योगाने ऑटिझम बरा होतो का?" नाही होत.

तर त्या दिवशी. मी दंड चोळत उभी, आधारवाला पुढच्या मुलाचा अर्ज उघडतोय, आणि मावशी शांतपणे वर्गातून बेडूक घेऊन आल्या. मला वाटलं त्या दादूला बाजूला नेऊन झोपवणार. त्यांनी तसं काही केलं नाही. दादूसमोर उकिडव्या बसल्या, स्वतःचा पंजा काचेवर पसरला आणि वर बेडूक ठेवला. "बेडूक बसला," म्हणाल्या. मग हात काढून घेतला.

आधारवाला म्हणाला, "ओ मावशी, त्यावर वजन नका ठेवू." मी त्याला हातानेच थांबवलं.

दादू बराच वेळ काचेकडे बघत राहिला. मग त्याने डावा पंजा टेकवला. मावशींनी पंजाच्या पाठीवर बेडूक ठेवला आणि हात फडफडायचा थांबला. धरणारं माणूस कुणी नाही, नुसतं पाव किलो मुगाचं वजन, रोजचं, ओळखीचं. दादूने ओठ मिटले. "म्म्म्म्."

काच उजळली. डावी चार झाली. उजवी चार झाली. अंगठे दोनदा लाल आले, तिसऱ्यांदा हिरवे. आजी "बाई, झालं का?" म्हणत पुढे आली. आधारवाल्याने मान हलवली, आणि शपथेवर सांगते, तो स्वतः हळू आवाजात गुणगुणत होता.

मग डोळ्यांचं यंत्र निघालं. दुर्बिणीसारखं दिसतं ते, डोळ्यांपुढे धरतात. दादूला त्याचं काही वाटलं नाही. तो छान शांत बसला होता, गुणगुणत होता, मांडीवर बेडूक. फक्त डोळे गच्च मिटलेले.

"बाळा, डोळे उघड." म्म्म्. "दादू, बघ, चिऊ!" म्म्म्.

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. भ्रामरी सुरू झाली की डोळे मिटायचे, हे आम्हीच तर शिकवलं होतं. जूनपासून, रोज. आणि आमच्या शाळेत एकदा शिकवलेला क्रम इतक्या इमानाने पाळणारं दुसरं कुणी नाही. गुणगुणणं थांबवलं की डोळे उघडायचे, पण डोळे उघडले की हातही उडायचे, आणि यंत्र बाजूला जायचं. चार वेळा केलं. मावशी हसायला लागल्या, मग मी, मग आजीसुद्धा.

डोळ्यांशिवाय अर्ज पुढे सरकेना. म्हणजे बोटंसुद्धा पुन्हा द्यावी लागणार. आधारवाल्याने वायरी गुंडाळता गुंडाळता फेब्रुवारीची तारीख सांगितली, आणि वर, "तो बेडूक ठेवा बरं का तेव्हा," असंही म्हणाला.

सध्या तासाच्या शेवटी आम्ही एक नवं चित्र लावलंय: म्म्म् करणारा चेहरा, दोन्ही डोळे टक्क उघडे. बाकी मुलांना हा प्रकार भलताच विनोदी वाटतो. दादू नवं चित्र रोज बोटाने चाचपतो, आडवा होतो, बेडूक पोटावर घेतो आणि गुणगुणत एक डोळा उघडतो. डावा.