दिवाळखोरीच्या अर्जांतली माणसं

आज दिवसभर टेरेसा सुलिव्हन यांचं कर्जबाजारीपणावरचं संशोधन वाचत होते. डोकं अजून तिथेच आहे. सुलिव्हन अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ. एलिझाबेथ वॉरन आणि जे वेस्टब्रुक या कायद्याच्या प्राध्यापकांसोबत त्यांनी टेक्सास, इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात १९८१ साली दाखल झालेले दिवाळखोरीचे अर्ज पिंजून काढले.

ऋण काढून सण करणारेच बुडतात, असा आपला पक्का समज. त्या अर्जांत मात्र दिसली कामधंदा करणारी माणसं. कितीतरी जणांचं तर स्वतःचं घर होतं. पुढे १९९१ च्या अर्जांवर याच तिघांनी अभ्यास केला, त्यात कारणं स्पष्ट झाली: नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट.

पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. मग दंड, दंडावर पुन्हा व्याज. गाठीला पैसा असलेला माणूस हेच चार महिने कसेबसे निभावून नेतो, दुसरा कायमचा अडकतो. विषमता मला इथे सगळ्यात जास्त टोचली. ती उत्पन्नात तर आहेच, पण सावरायला मिळणाऱ्या वेळातही आहे. आणि वसुलीचा फोन आला की आवाज खाली करून बोलणाऱ्या माणसाला आपण सरळ उधळ्या ठरवतो, याचा आज खरंच राग आला.

आजारपणावरचं प्रकरण उद्या पुन्हा वाचणार आहे.