तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर सापडलं, मग आता चर्चा कसली?

क्रिप्टिक शब्दकोडी, म्हणजे सूत्राच्या शब्दांतच उत्तर लपवणारी कोडी, सोडवणारे आम्ही चौघं-पाच जण एखाद्या शोधसूत्रावर (उत्तराकडे नेणाऱ्या ओळीवर) बोलत बसलो की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतं, "उत्तर सापडलं ना? चौकोन भरले ना? मग एवढं काय बोलताय त्यावर?"

प्रश्न रास्त आहे. साध्या शब्दकोड्यात चौकोन भरले की काम खरंच संपतं. 'हात, दोन अक्षरी' असं सूत्र आलं की 'कर' लिहायचं आणि पुढे जायचं. क्रिप्टिकमध्ये तेच सूत्र असं येऊ शकतं:

हात सरकारला द्यावा लागतो (2)

वाचताना हे एकसंध वाक्य वाटतं, सरकारला मदत करायला हवी अशा अर्थाचं. प्रत्यक्षात दोन वेगळी वर्णनं एकमेकांना चिकटून उभी आहेत. हात म्हणजे कर, आणि सरकारला द्यावा लागतो तोही कर. 'हात देणे' हा वाक्प्रचार आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्या दोघांमधली फट दिसतच नाही. ती फट सापडण्याचा क्षण हेच क्रिप्टिकचं सुख, आणि आमचं बोलणं जवळजवळ नेहमी त्या फटीविषयीच असतं: ती कुठे आहे, कशी लपवली, आणि लपवताना कोडेकार सोडवणाऱ्याशी प्रामाणिक राहिला का.

हा प्रामाणिकपणा फार महत्त्वाचा. आफ्रिट या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी 1949 मध्ये कोडेकारांसाठी एक नियम लिहून ठेवला. त्याचा आशय असा: तू जे म्हणतोस तेच तुझ्या मनात असायला हवं असं नाही, पण जे मनात आहे ते तू म्हटलंच पाहिजेस. फसवायची पूर्ण मुभा आहे, खोटं बोलायची नाही. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात ही शिस्त पिढ्यान् पिढ्या घडत गेली. 1926 पासून तिथे टॉर्केमाडा या टोपणनावाचे कोडेकार होते, 1939 मध्ये झिमेनीज आले, 1972 मध्ये ॲझेड. पहिली दोन नावं स्पॅनिश इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाच्या, प्रमुखांची, आणि ॲझेड हे अशाच आणखी एका प्रमुखाचं, डेझाचं, उलटवलेलं नाव. चांगल्या सूत्रात काय असावं हे ॲझेड यांनी थोडक्यात सांगितलं आहे: उत्तराची नेमकी व्याख्या, त्याच्याकडे नेणारा रास्त शब्दखेळ, आणि याखेरीज काहीही नाही.

झिमेनीज वाचकांकडून सूत्रं मागवत, आणि निकालासोबत छापील पत्रक निघे: कुठलं सूत्र सरस, कुठल्यात काय खटकलं. ॲझेड यांनी ती प्रथा पुढे चालवली. म्हणजे सूत्रांवर बोलणं ही आमची लहर नाही. सूत्र रास्त की अरास्त याचे निकष अशा बोलण्यातूनच घासूनपुसून तयार झाले आहेत.

'याखेरीज काहीही नाही' या अटीवर सगळ्यात जास्त वाद होतात. हे सूत्र बघा:

'गाव नको' म्हणणाऱ्याच्या मनातलं जंगल (2)

उत्तर 'वन'. 'गाव नको' या अक्षरांच्या मधोमध ते दडलेलं आहे आणि 'मनातलं' हा शब्द आत बघायला सांगतो. मला हे फार आवडतं, कारण गावाला कंटाळलेला एक माणूस त्यात खरोखर उभा राहतो. पण काटेकोर माणूस लगेच विचारेल, 'म्हणणाऱ्याच्या' हा शब्द काय काम करतो? व्याख्येत तो नाही, शब्दखेळातही नाही. त्याच्या मते सूत्र असं हवं: 'गाव नको' यात दडलंय जंगल. हे निर्दोष आहे, आणि निर्जीवही. पहिल्या सूत्रातला तो एक शब्द वाक्याला माणूस मिळवून देतो आणि सोडवणाऱ्याची दिशाभूलही करत नाही, म्हणून मी तो ठेवीन. माझ्या ओळखीतले दोन फार चांगले सोडवणारे तो काढायला लावतील, आणि त्यांचं म्हणणं मला नीट कळतं.

कधी दोष गंभीर असतो. 'नवीन उलटलं जंगल (2)' हे सूत्र घ्या. 'नव' उलटवून 'वन' लिहायचं, की 'वन' उलटवून 'नव'? सूत्रातून ठरत नाही, कारण उलटवायला सांगणारा शब्द बरोबर मध्ये आहे आणि तो दोन्हीकडे लागू पडतो. आडव्या-उभ्यातलं एखादं अक्षर मिळालं तर उत्तर ठरेल, पण तो सूत्राचा प्रामाणिकपणा नव्हे. 'नवीन उलटवून मिळालं जंगल' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. एकट्याने सोडवताना हा दोष लक्षातही येत नाही. आपल्याला एक वाट दिसली की आपण समाधानी होतो. दुसरी वाट चालून आलेला माणूस समोर बसलेला असेल तरच कळतं.

आणि उत्तर बरोबर असूनही सूत्र सुटलेलं नसतं, असं तर सारखं होतं.

कशासाठी? मागे फिरा! पक्षी (3)

उभ्या शब्दांतून 'का' आणि 'ळा' मिळाले असतील तर कुणीही 'कावळा' लिहील. बरोबरच आहे. पण का? 'मागे फिरा' वाचलं की सराईत डोळ्यांना ती शब्द उलटवण्याची सूचना वाटते. मग 'ळावका'कडे बघत बसायचं, आणि त्यातून काहीच निघत नाही. इथे 'मागे फिरा' ही सूचनाच नाही, तो साधा समानार्थी आहे: वळा. कशासाठी म्हणजे का. का अधिक वळा. ही फोड सापडल्याशिवाय उत्तर माझ्या वहीत असतं, डोक्यात नसतं, आणि मला ते सोसवत नाही. अशा वेळी दुसऱ्याला विचारण्यात काहीही कमीपणा नाही. विचारताना 'उत्तर काय' असं न विचारता 'फोड कशी' असं विचारायचं, एवढंच.

एकेरी अक्षरांवर तर तासभर बोलता येतं. 'तात्पर्यात अहंकार शिरला, केवढा समुद्र! (3)' याचं उत्तर 'सागर': 'सार' या शब्दाच्या पोटात 'ग'. अहंकारासाठी 'ग' चालतो का? चालतो, कारण 'गची बाधा' मराठीत रुळलेली आहे. पण म्हणून 'गणपती' म्हणून नुसता 'ग' घेता येणार नाही. त्या शब्दाचं पहिलं अक्षर हवं असेल तर 'गणपतीचा आरंभ' असं काहीतरी सांगावं लागेल. अक्षराला भाषेत स्वतःचं स्थान असेल तरच ते विनापरवाना वापरायचं.

नियमांविषयी एवढं बोलले, पण नियम सैल ठेवूनही सोडवणाऱ्यांचा जीव जडलेला एक कोडेकार होता. 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रात अराउकारिया या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम, पेशाने पाद्री. अराउकारिया हे मंकी पझल नावाच्या झाडाचं वनस्पतिशास्त्रातलं नाव. जानेवारी 2013 मध्ये त्यांच्या एका कोड्याबरोबर टीप छापून आली: अराउकारियाला 19चा 18 उभा झाला आहे आणि त्यावर 13, 15 चालू आहे. लोकांनी कोडं सोडवलं. 18 उभा म्हणजे कर्करोग, 19 म्हणजे अन्ननलिका, 13 आणि 15 मिळून वेदनाशमनाचे उपचार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, 92व्या वर्षी ते गेले. इतकी खासगी गोष्ट त्यांनी कोड्यातून सांगितली, कारण आपलं प्रत्येक अक्षर मन लावून वाचणारी माणसं पलीकडे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. सूत्रावर बोलत बसणारी माणसं ती हीच.

मराठीत क्रिप्टिक रचायचं तर काही नियम अजून ठरायचे आहेत, आणि म्हणून इथे बोलणं जास्तच गरजेचं आहे. इंग्रजी कोड्यात स्वर आणि व्यंजन वेगवेगळ्या चौकोनांत बसतात. आपल्याकडे काना, वेलांटी, उकार अक्षराला धरूनच चौकोनात येतात. मग 'चिडलेला नवरा माकडच (3)' हे सूत्र रास्त आहे का? 'चिडलेला' हा शब्द 'नवरा'ची अक्षरं विस्कटायला सांगतो. अपेक्षित उत्तर 'वानर', पण त्यासाठी 'रा'चा काना सोडवून 'व'ला लावावा लागतो. काही जण म्हणतात, लावू द्या, नाहीतर अक्षरांच्या उलटापालटीला मराठीत शब्दच पुरणार नाहीत. 'मदत' आणि 'दमत' यांसारख्या जोड्या खरंच थोड्या आहेत. माझं मत वेगळं आहे. चौकोनात जे एकत्र बसतं ते हलवतानाही एकत्रच हलायला हवं. काना मोकळा सोडायचाच असेल तर कोडेकाराने तसं सूत्रात म्हणावं: 'नवरा काना-मात्रेसकट विस्कटला, झालं माकड'. या सूत्राला माझी हरकत नाही. 'माकड' नपुंसकलिंगी आणि 'नवरा' पुल्लिंगी, मग 'झालं' की 'झाला', यावर मात्र आमचं अजून एकमत व्हायचं आहे.