३६ टक्क्यांवरून ४४ टक्के: दादाच्या दिव्यांग दाखल्याच्या पाच खेपा

पहाटे साडेपाचच्या एसटीत बसल्यावर दादाने विचारलं, "एका दिवसात काम उरकेल ना गं?" मी हो म्हणाले. त्या एका दिवसाच्या पाच खेपा झाल्या, फेब्रुवारी २०२५ पासून ऑगस्टपर्यंत. प्रत्येक खेपेला दादाची मजुरी बुडाली आणि भाड्याचे पैसे गेले ते वेगळेच. यातल्या निदान दोन खेपा तुमच्या वाचाव्यात म्हणून हे सगळं लिहिते आहे.

दादाचा उजवा पाय २०२१ मध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड घातला. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला आणि गुडघा पुरता वाकेनासा झाला. त्याआधी तो ऊसतोडीला जायचा. आता शेळ्या राखतो, कुणी बोलावलं तर बसून करायची कामं करतो. उजव्या चपलेला त्याने तालुक्यातून दीड इंचाचा रबरी तळ शिवून घेतलाय. ती घातली की पाहणाऱ्याला तो थोडासाच लंगडताना दिसतो. ही चप्पल लक्षात ठेवा, पुढे तीच नडली.

पहिली खेप पूर्ण वाया गेली. आम्ही कागदांची पिशवी घेऊन थेट जिल्हा रुग्णालयात गेलो आणि खिडकीवर कळलं की आधी ऑनलाइन नोंदणी लागते. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग दाखला आणि ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो, तो गावाजवळच्या सेवा केंद्रातही भरून मिळतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, उपचाराचे कागद आणि चालू मोबाइल एवढं लागतं. मोबाइल ज्याचा नोंदवाल तो माणूस सोबत हवा, कारण ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. आधारवरचं नाव आणि दवाखान्याच्या कागदांवरचं नाव एकसारखं आहे का, हे घरीच पाहून घ्या. दिव्यांगत्व तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड रोज बसत नाही. आमच्याकडे ठरावीक वारीच बसतं आणि कान, डोळे, हाडं यांचे वार वेगवेगळे आहेत. निघण्याआधी फोन करा किंवा त्या बाजूला जाणाऱ्या कुणाला तरी चौकशी करायला सांगा.

दुसरी खेप मार्चमध्ये, बोर्डाच्या दिवशी. सकाळी साडेआठला केसपेपर काढला, नंबर लागला दुपारी सव्वा वाजता. बाकं आधीच भरलेली होती. कुबड्या घेतलेली माणसं, खांद्यावर मुलं घेतलेल्या आया, सगळे भिंतीला टेकून उभे. बसायला सतरंजी आणि भाकरी सोबत न्या. चालता येत नसेल तर गेटवरच चाकाची खुर्ची मागा. ती असते, पण आपणहून कुणी आणून देत नाही.

आत दादाची तपासणी पाच मिनिटांत उरकली. खुर्चीत बसवून गुडघा वाकवून पाहिला, "चालून दाखवा" म्हणाले. दादा चपलेसकट चालला. आणि चालला तेही अंगातला सगळा जोर लावून, अगदी नीट. साहेबांसमोर आपण धडधाकट दिसावं असं त्याला वाटलं. मी दारातून बघत होते, बोलले काहीच नाही. त्या न बोलण्याची चुटपुट मला अजून आहे. महिनाअखेरीस दाखला आला : ३६ टक्के.

टक्क्यांवर किती गोष्टी अडतात, ते तोवर मला नीटसं माहीत नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासुद्धा त्यात येतात, हे अनेक घरांत अजून पोचलेलं नाही. पण बहुतेक सवलतींचं दार ४० टक्क्यांना उघडतं. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, एसटीच्या तिकिटातली ७५ टक्के सूट, सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, सगळं ४० पासून. ३६ टक्क्यांवर मिळतं ते पांढरं कार्ड. पिवळं ४० पासून, निळं ८० पासून.

गावातल्या एकाने सांगितलं, "पैसे देऊन टक्के वाढवून घ्या, ओळखीचा माणूस आहे." तिकडे वळूच नका. खोट्या दाखल्यावर लाभ घेतला तर याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. आणि दादाला वाढवून काही नकोच होतं. पायाची मोजणी व्हायला हवी होती तशी व्हावी, एवढीच आमची मागणी होती.

ती झाली नव्हती, हे कळलं माहितीच्या अधिकारातून. साध्या कागदावर अर्ज लिहिला, "माझ्या तपासणीच्या नोंदीची प्रत मिळावी", त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि रजिस्टर पोस्टाने रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना पाठवला. यासाठी खेप मारावी लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. मे महिन्यात पाकीट आलं. एकाच पानाची नोंद. गुडघ्याचे अंश भरलेले, स्नायूंची ताकद भरलेली, आणि पायाच्या आखूडपणाच्या रकान्यात एक आडवी रेघ. टेप लावलीच नव्हती. दादा त्या रेघेवर कितीतरी वेळ बोट ठेवून बसला होता.

तिसरी खेप अपिलाची. दाखला नाकारला किंवा टक्के मान्य नसले तर दिव्यांग कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं, त्यासाठी राज्य सरकारने प्राधिकारी नेमलेले असतात. आपला अर्ज कुठे द्यायचा ते रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात विचारा आणि विचारल्या दिवशीच लिहून घ्या. दाखलाच नाकारला असेल तर कारण लेखी मिळायला हवं, तोंडी "बसत नाही" ऐकून परत फिरू नका. आम्ही त्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेलो. दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट आड येत नाही. तिथल्या वकीलबाईंनी माझा चार पानी मजकूर एका पानावर आणला. डॉक्टरांवर राग काढणारं प्रत्येक वाक्य खोडलं आणि विचारलं, "नक्की काय मोजलं गेलं नाही, तेवढंच सांगा." अर्जात राहिलं ते इतकं : पाय आखूड आहे, नोंदीत त्या रकान्यात नुसती रेघ आहे, ऑपरेशनच्या कागदांत आणि एक्सरेत आखूडपणा दिसतो, फेरतपासणी व्हावी. सोबत सगळ्या कागदांच्या प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

चौथी खेप जूनअखेरीला, विभागाच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात. या वेळी मी आदल्या रात्री दादाला दोनच गोष्टी सांगितल्या. चप्पल काढून चालायचं. आणि जसा घरी चालतोस तसंच चालायचं, कमी नाही, जास्त नाही. डॉक्टरांनी त्याला टेबलावर सरळ झोपवलं, दोन्ही पाय जुळवले. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप धरली, आधी डावा पाय, मग उजवा. मग पुन्हा दोन्ही. दीड इंचाचा फरक. त्यांनी समजावून सांगितलं की पहिला अर्धा इंच धरत नाहीत, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के. म्हणजे ८. आधीच्या ३६ मध्ये ते मिळवून ४४. दहा मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "टेप तर तिथंबी होती की, टेबलावरच."

म्हणून पाय, हात, पाठ असली बाब असेल तर बोर्डासमोर नम्रपणे पण स्पष्ट सांगा : आखूडपणा मोजा, ताकद बघा, इथे बधिरपणा आहे. चप्पल, पट्टा, कॅलिपर, जे वापरता ते सोबत न्या आणि तपासणीत काढून ठेवा. एक्सरेची फिल्मच न्या, मोबाइलमधला फोटो पुरत नाही. आणि एकापेक्षा जास्त अवयवांना इजा असेल तर बेरीज सरळ होत नाही, हे आधीच माहीत असू द्या. ३० आणि २० चे ५० होत नाहीत, ठरलेल्या सूत्राने साधारण ४३ होतात. आमच्या शेजारच्या काकांना यात फसवल्यासारखं वाटलं होतं. तसं ते नाही.

पाचवी खेप तहसील कार्यालयात, संजय गांधी शाखेत. नवा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, इतरांसारखी २१ हजार नाही. आमच्या गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि २१ हजारांच्या भीतीने दोघांनी अर्जच केले नव्हते. अनुदान थेट खात्यात येतं, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं आहे की नाही ते बँकेत जाऊन पाहा. दादाचं दुसऱ्याच जुन्या खात्याला जोडलेलं निघालं, त्यात आणखी तीन आठवडे गेले.

दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झालं. दादाचा पहिला हप्ता दिवाळीनंतर जमा झाला. त्या दिवशी आम्ही बँकेतून परतताना एसटीत त्याने पिवळं कार्ड काढून कंडक्टरपुढे धरलं. कंडक्टरने नंबर पाहिला, सवलतीचं तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढच्या सीटकडे वळला. दादाने ते तिकीट कार्डामागे घडी करून ठेवलं. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान थांबतं. घरातल्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानावर आम्ही आत्ताच खूण करून ठेवली आहे.