दिवसा डिस्ने, पहाटे डोपी

गुरुवारी ५ किलोमीटर, शुक्रवारी १०, शनिवारी हाफ मॅरेथॉन आणि रविवारी फुल. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दर जानेवारीत मॅरेथॉन वीकेंड असतो, त्यातल्या या चारही शर्यती ओळीने पळायच्या म्हणजे डोपी चॅलेंज. बेरीज ४८.६ मैल, म्हणजे ७८ किलोमीटर आणि वर थोडं. तिथली मॅरेथॉन १९९४ पासून आहे. शनिवार-रविवार जोडून पळायचं गूफी चॅलेंज २००६ मध्ये आलं आणि तेवढ्याने ज्यांचं पोट भरेना त्यांच्यासाठी २०१४ पासून हे चार दिवसांचं. सगळं पूर्ण केलं की सहा मेडल्स: शर्यतींची चार, गूफीचं एक, डोपीचं एक.

पळायचं कसं हे सांगणारे भरपूर भेटतात. माझा प्रश्न वेगळा होता. त्याच आठवड्यात नवरा, दोन मुलं आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई यांच्याबरोबर डिस्नेची सुट्टीही करायची होती. एवढी महाग तिकिटं काढून मुलांना तिथे न्यायचं आणि वर 'आई झोपलीये, गप्प बसा' म्हणायचं, हे मला पटणारं नव्हतं. त्यांच्या मागे दिवसभर हिंडायचं, तर रविवारच्या ४२ किलोमीटरसाठी पाय कुठून आणायचे? पार्कात दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं. एपकॉट या पार्कात तळ्याभोवती मांडलेल्या अकरा देशांची नुसती एक फेरी मारली तरी १.२ मैल होतात. त्यामुळे माझी अर्धी तयारी पळण्याची होती आणि अर्धी न चालण्याची. दुसरी जास्त अवघड.

पळण्याचं आधी सांगून टाकते. डिस्नेच्या शर्यतींना जाणाऱ्यांमध्ये जेफ गॅलोवे यांचे प्लॅन लोकप्रिय आहेत. हे गृहस्थ १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले, आणि त्यांनी जगाला शिकवलं काय, तर मधेमधे चाला. थोडं पळायचं, दम लागायच्या आधीच थोडं चालायचं, पुन्हा पळायचं. आमच्या न्यू जर्सीत डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉलच्या काठाने मैलोन्‌मैल सपाट वाट आहे. पानं गळायला लागल्यापासून माझे वीकेंड तिथेच गेले. यात खरी मेख लांब पल्ल्याची नाही, लागोपाठच्या दिवसांची आहे. म्हणून अधूनमधून माझा वीकेंड गुरुवारीच सुरू व्हायचा: ऑफिसच्या आधी थोडं, शुक्रवारी आणखी थोडं, शनिवारी मध्यम, रविवारी लांब. अशा रविवारी सुरुवातीचे काही मैल पाय उचलतच नाहीत आणि मग एकाएकी मोकळे होतात. 'मग मोकळे होतात' हे अंगाला माहीत असलं पाहिजे, बाकी प्लॅन कुठलाही घ्या, असं माझं मत आहे.

एक तालीम मात्र कुठल्या तक्त्यात नव्हती: पहाटे अडीचला उठून खायची. शर्यती पाचला सुटतात, एपकॉटच्या पार्किंग लॉटमधून. हॉटेलपासून बसने जायचं, सिक्युरिटी, मग आपल्याला दिलेल्या गटापर्यंत बरंच चालायचं. तीनच्या सुमाराला बसमध्ये नसलात तर जीव खालीवर होतो. आमचं आणि फ्लोरिडाचं घड्याळ एकच, एवढं सुख. कॅलिफोर्नियाहून आलेल्यांच्या शरीरात तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतात.

तर डिसेंबरात एका शनिवारी मी घरीच अडीचला उठले. आधी कधीतरी ओट्स खाऊन पाहिले होते, ते काही मैलांनी घशाशी यायला लागले. या वेळी गूळ-तूप लावलेली पोळी होती, गुंडाळी करून. ती निमूटपणे पचली. सासूबाई नुकत्याच आल्या होत्या. स्वयंपाकघरातला दिवा बघून त्या उठून आल्या, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काकडआरतीसुद्धा एवढ्या लवकर नसते गं." मी म्हटलं, "आई, तुम्ही झोपा." त्या काही झोपल्या नाहीत. फ्लोरिडाला न्यायच्या पोळ्याही मग त्यांनीच केल्या, जरा जाड आणि कोरड्या भाजून, टिकाव्यात म्हणून.

अडीचला उठायचं म्हणजे संध्याकाळी सात-साडेसातला आडवं व्हायचं, आणि डिस्नेत खरी मजा तेव्हाच सुरू होते. मॅजिक किंगडम या पार्कातली आतषबाजी हा मुलांच्या दृष्टीने सुट्टीचा कळस. यावर घरात रीतसर वाटाघाटी झाल्या, कागदावर. आतषबाजी मंगळवारी, पोचलो त्याच रात्री, सगळ्यांनी मिळून. बुधवारपासून रात्री बाबाच्या, सकाळ-दुपार आईची. सोमवार पूर्ण मुलांचा, आईने 'पाय दुखतात' हे शब्द उच्चारायचे नाहीत. लेकीने आणखी एक कलम घातलं की आईने जेवताना फोनवर हवामान बघायचं नाही. हे कलम सगळ्यात जाचक, कारण फ्लोरिडाचा जानेवारी बेभरवशाचा. पहाटे कधी हुडहुडी भरते, कधी दमट उकाडा असतो, आणि २०१७ मध्ये तर विजांमुळे हाफ मॅरेथॉन रद्दच करावी लागली होती.

खोल्या दोन घेतल्या. एकीत नवरा आणि मुलं, दुसरीत सासूबाई आणि मी. त्यांना रात्री जागवत नाही आणि पहाटे झोप लागत नाही. अख्ख्या डिस्ने वर्ल्डमध्ये माझ्या वेळापत्रकाशी जुळणारं माणूस तेवढं एकच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी चार मोठ्या झिपच्या पिशव्या भरल्या. प्रत्येकीत त्या दिवसाचा टी-शर्ट, पँट, मोजे, सेफ्टी पिना, व्हॅसलिनची छोटी डबी, मिठाच्या गोळ्या. वरून सासूबाईंनी मार्करने लिहिलं: गुरु, शुक्र, शनि, रवि. संक्रांत पुढच्याच आठवड्यात होती, म्हणून त्यांनी प्रत्येक पिशवीत तिळगुळाच्या दोन-दोन वड्या टाकल्या. पळताना खायच्या एनर्जी जेलपेक्षा मला त्या कितीतरी बऱ्या वाटल्या, फक्त चावायला वेळ द्यावा लागतो, म्हणून चालण्याच्या सेकंदांत खायच्या. हॉटेलात या पिशव्या बाथरूमच्या हुकांवर ओळीने टांगल्या. दार लावायचं, आतला दिवा लावायचा, हाताला येईल ती पिशवी घ्यायची. रवि वजनाला जास्त, त्यामुळे अंधारातही चूक व्हायची नाही.

बुधवारी एक्स्पो. ईएसपीएन वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स या क्रीडासंकुलात जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायचा आणि सहा टी-शर्ट घ्यायचे. चॅलेंजवाल्यांचा फोटोही काढतात, चारही दिवस तोच माणूस पळाला याची खात्री असावी म्हणून. पुढे बुटांची, जॅकेटांची, स्टिकरांची दुकानं. तिथे काँक्रीटवर दोन तास कधी जातात कळत नाही. मी यादी घेऊन गेले आणि यादी संपल्यावर बाहेर पडले. नवऱ्याचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

आता न चालण्याचं. माझ्या अनुभवात चालण्यापेक्षा उभं राहणं वाईट. रांगेत पाऊण तास ताटकळलं की पोटऱ्या जेवढ्या भरून येतात तेवढ्या तासभर चालूनही येत नाहीत. म्हणून मी राइड्सची यादी थरारावरून नव्हे, खुर्चीवरून केली. मॅजिक किंगडममध्ये पीपलमूव्हर ही संथ गाडी आणि कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. हे दुसरं १९६४ च्या न्यू यॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी केलेलं जुनं प्रकरण: प्रेक्षागृहच गोल फिरतं, एसी असतो, वीसेक मिनिटं कुणी उठवत नाही. मुलं कंटाळली. सासूबाई आणि मी पुन्हा जाऊन बसलो. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये इंडियाना जोन्सचा स्टंट शो, ॲनिमल किंगडममध्ये लायन किंगचा कार्यक्रम आणि किलिमांजारो सफारीचा ट्रक.

एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड ही संथ बोटीची राइड आहे, काचेच्या हरितगृहांमधून जाते. मातीशिवाय वाढवलेले टोमॅटो, अधांतरी मुळांची रोपं, मांडवाला टांगलेले भोपळे. सासूबाईंच्या माहेरी द्राक्षबाग. त्या बोटीतून अर्ध्या उठून वेलांचे बुंधे बघत होत्या. "मांडव चांगला केलाय, पण छाटणी कोण करतं यांची?" मला माहीत नव्हतं. सबंध सुट्टीत त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट ती, आणि माझ्या पायांनाही.

मुलांच्या मोठ्या राइड्ससाठी पैसे भरून लायटनिंग लेन, म्हणजे वेगळी छोटी रांग, घेतली. एरवी मी याला उधळपट्टी म्हटलं असतं. या आठवड्यात नवरा मुलांना घेऊन आत जायचा आणि मी बाकावर, बूट काढून. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, ते मागून घ्यायचे. पार्कात घालायचे बूट वेगळे आणि पळायचे दोन जोड वेगळे, आलटून पालटून. काली रिव्हर रॅपिड्समध्ये माणूस नखशिखांत भिजतो, तिथे मी साफ नकार दिला. ओल्या मोज्यात फोड आला तर चार दिवस पुरतो. दुपारी एकपर्यंत हॉटेलवर परत, मग भिंतीला पाय लावून विपरीत करणी, मुलं पोहत असताना काठावर बसून गार पाण्यात पाय, आणि झोप आली तर झोप.

खाण्याचं फार अडलं नाही. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये 'सना' म्हणून रेस्टॉरंट आहे, तिथे नान-कुलच्यांसारख्या ब्रेडबरोबर चटण्यांच्या वाट्यांची मोठी ताटली येते आणि खिडकीबाहेर जिराफ. तिथे आम्ही गुरुवारी गेलो. चटण्या मी चाखण्यापुरत्याच घेतल्या. शुक्रवारी-शनिवारी मात्र फूडकोर्टच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला पाकिटातला भात, वर घरचं मेतकूट आणि तूप. लांब पळायच्या आदल्या दिवशी याहून शहाणं जेवण मला माहीत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्या पिवळ्या पावडरीचं नाव विचारून फोनमध्ये लिहून घेतलं.

शर्यतींत एकच अट असते, मैलाला १६ मिनिटांच्या आत राहायचं, म्हणजे किलोमीटरला साधारण दहा. सगळ्यात शेवटी, शेवटच्या गटाबरोबर, फुगे घेतलेल्या बायका याच वेगाने चालत येतात. त्यांना बलून लेडीज म्हणतात. त्यांच्या मागे पडलात की बसमध्ये बसवायची शक्यता. तुमचा गट जितका आधी सुटेल तितकी त्यांच्यापासून पुढची मिनिटं जास्त मिळतात, आणि वाटेत मिकी-मिनीबरोबर फोटोच्या रांगेत उभं राहायला तीच मिनिटं खर्च होतात. मी हिशोब असा केला की पहिल्या दोन दिवशी फोटो हवे तेवढे, शनिवारी रांग छोटी दिसली तर, रविवारी मॅजिक किंगडमच्या किल्ल्याच्या पुढे एकही नाही. गुरुवार-शुक्रवार जवळपास चालतच काढले. तिथे जोर लावणाऱ्यांची मला गंमत वाटते, त्या दोन दिवसांत कुणी काही जिंकत नाही.

शनिवारी चांगलीच थंडी होती. पोराचा जुना स्वेटशर्ट घालून उभी राहिले आणि सुटताना टाकून दिला. असे टाकलेले कपडे गोळा करून दान करतात. रस्ता तसा सपाट, पण हायवेचे रॅम्प लागतात आणि ते वळणावर एका बाजूला कललेले. तिथे मधोमध पळायचं, नाहीतर एकच गुडघा सगळं सोसतो.

रविवारी किल्ल्यातून बाहेर पडताना अजून अंधार होता, आणि ॲनिमल किंगडममध्ये शिरेपर्यंत लख्ख ऊन. तिथल्या आशिया भागात आनंदपूर नावाचं कल्पनेतलं गाव उभं केलंय, पताका, पोपडे गेलेल्या भिंती, रंग उडालेल्या पाट्या. एका वळणावर क्षणभर वाटलं की पुढे एसटी स्टँड लागणार. पाय तोवर मोकळे झाले होते. त्यानंतरचे मैल लांब होते, एवढंच लिहिते.

सोमवारी पार्कभर मेडल घातलेली आणि जिना उलटं तोंड करून उतरणारी माणसं दिसतात. कलमाप्रमाणे मी 'पाय दुखतात' म्हटलं नाही. धाकट्याने गूफी घेतला, लेकीने डोपी, आणि रविवारचं मिकीचं मेडल मी सासूबाईंच्या गळ्यात घातलं, कारण माझ्या मानेला सहा एकदम जड होत होती. मेन स्ट्रीटवर डिस्नेच्या एका कर्मचारी मुलीने ते बघितलं आणि मोठ्याने टाळ्या वाजवत त्यांना काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं. "थँक्यू," सासूबाई म्हणाल्या, आणि खुलासा न करता पुढे चालू लागल्या.